बुरेवोर्स आणि आमची छोटी नानी

माझ्या आजोळी एका शब्दाला बंदी होती. शिवी नव्हे, साधा इंग्रजी शब्द होता. सॉसेज. खेड तालुक्यातलं कोकणी मुसलमानांचं गाव ते. तिथं त्या काळी कुणी सॉसेज डोळ्यांनी पाहिलं असण्याची शक्यता नव्हती, खाणं तर दूरच. कॉलेजात असताना एकदा सुट्टीत गेलो होतो. मुंबईच्या एका हॉटेलात अमुक पाहिलं, तमुक पाहिलं अशा बढाया मारता मारता तो शब्द माझ्या तोंडून निघून गेला. नानीच्या हातातली पळी थांबली. "ते नाव घरात काढू नको," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा कालवण ढवळू लागली.

कारण पुढे आईकडून कळलं. नानीची धाकटी बहीण, आमची छोटी नानी, १९५२ साली लग्न होऊन दक्षिण आफ्रिकेत गेली. वय सतरा. मुंबईहून बोटीनं दरबान, तिथून आगगाडीनं केपटाउन. १९५७ मध्ये तिचं एक पत्र आलं. पत्र उर्दू लिपीत, ते पडवीत बसून गावातल्या मास्तरांनी मोठ्यानं वाचून दाखवायचं अशी रीत. खुशाली झाली, मुलांची नावं झाली, आणि मग तिनं कौतुकानं लिहिलं होतं की, मी आता आतड्यात मांस भरायला शिकले आहे, माझा हात चांगला बसला आहे असं सासूबाई म्हणतात.

नानीचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, ऐकत बसले होते. त्यांची उमर आगबोटीवर गेलेली. बोटीच्या भटारखान्यात गोव्याची माणसं असत, आणि त्यांच्या सामानात चोरीसच्या लालभडक माळा असत. आतड्यात भरलेलं मांस म्हणजे डुक्कर, याखेरीज दुसरा अर्थ पणजोबांना ठाऊक नव्हता. ते उठले, हात धुतले आणि म्हणाले, तिचं पत्र यापुढं या घरात वाचायचं नाही. १९६१ मध्ये ते वारले. मधल्या चार वर्षांतली पत्रं शेजारच्या घरी येत आणि नानी पाणी आणायच्या निमित्तानं तिथं जाऊन ती ऐकून येई. छोटी नानीला हे कुणी कळवलं नाही. पण बापाकडून सलाम येईनासा झाला, की लेकीला जे कळायचं ते कळतंच.

पणजोबांवर रागावणं सोपं आहे. मीही पुष्कळ रागावलो होतो. पण त्यांची भीती हवेतून आलेली नव्हती. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये धर्मबदल करायला लावलेल्या ज्यू आणि मुसलमान घरांवर नजर ठेवली जाई, आणि ताटात डुकराचं मांस नसणं हा संशयाचा पुरावा ठरे. त्याच पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५६० मध्ये तिथं धर्मन्यायालय आणलं. पणजोबा पत्र ऐकत होते तेव्हाही गोवा पोर्तुगिजांकडेच होता. शेजाऱ्याच्या सॉसेजमध्ये त्यांना परका धर्म दिसला, यात नवल नाही. नवल एवढंच, की त्यात काय घातलं आहे हे त्यांनी लेकीला विचारलं नाही.

आता छोटी नानी इतक्या दूर गेली कशी, हे सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान केपटाउनला जाऊ लागले. करजी, मोरबे अशा गावांची नावं त्या शहरातल्या जुन्या लोकांच्या तोंडी आजही आहेत. ही मंडळी नाताळच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिटिया मजुरांपैकी नव्हेत. स्वतःच्या खर्चानं गेली, फेरी केली, किराणा-भुसाराची दुकानं टाकली. दुकानामागच्या एका खोलीत पाच-सहा पुरुष राहायचे, पाळीपाळीनं भात शिजवायचे. त्या खोल्यांना स्वयंपाकघर म्हणावं असं काही नव्हतं, कारण बायका नव्हत्या. बायका नव्हत्या, कारण कायदा होता.

केप वसाहतीनं १९०२ मध्ये कायदा केला, की येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. कोकणी दुकानदाराला उर्दू येई, मराठी येई, हिशेब तोंडपाठ असे. युरोपीय भाषा कुठून येणार? आधीपासून राहणाऱ्यांना सूट होती, पण गावी जायचं तर फोटो लावलेला परवाना घ्यायचा आणि मुदतीत परतायचं. कुणाची आई आजारी पडली, कुणाची बोट चुकली, की आयुष्यभराचं दुकान तिकडं आणि माणूस इकडं. मग १९१३ चा मार्च उजाडला. केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढं बाई मरियम या स्त्रीचं प्रकरण आलं. ज्या धर्माच्या रीतीत एकाहून अधिक बायका करता येतात, त्या रीतीनं झालेलं लग्न हे लग्नच नव्हे, असा निकाल झाला. एका फटक्यात हजारो बायका कायद्याच्या नजरेत कुणाच्याच कुणी राहिल्या नाहीत. गांधीजींच्या तिथल्या सत्याग्रहात त्या वर्षी स्त्रिया उतरल्या, कस्तुरबा तुरुंगात गेल्या, त्यामागं हा निकाल होता. १९१४ च्या कायद्यानं एका पत्नीला मान्यता दिली. पुढं १९५३ मध्ये नवा कायदा झाला आणि भारतातून बायकामुलं आणण्याचं दारही लावून घेण्यात आलं. छोटी नानी त्याच्या आदल्या वर्षी पोहोचली होती.

तिचे सासरे जुन्या पिढीतले. गावाकडची बायको आणता आली नाही, ती गावातच वारली. केपटाउनमध्ये त्यांनी तिथल्याच एका मलाय बाईशी निकाह लावला. असं पुष्कळ कोकण्यांनी केलं. 'केप मलाय' हे नाव तसं फसवं आहे. डच कंपनीनं १६५२ मध्ये केपला ठाणं घातलं आणि नंतर दीड-पावणेदोनशे वर्षं तिथं गुलाम आणले गेले. ते जावा-सुमात्रा बेटांतले होते, तसे बंगालचे, मलबारचे, कोरोमांडल किनाऱ्याचेही होते; मादागास्कर आणि मोझांबिकचेही होते. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्यानं गेली, तरी उमेदवारीच्या नावाखाली ती आणखी चार वर्षं रेंगाळली. या सगळ्यांतले जे मुसलमान होते किंवा झाले, त्यांच्या वंशजांना सरसकट मलाय म्हटलं गेलं. छोटी नानीची सासू अशा घरातली. तिची भाषा आफ्रिकान्स, सुनेची कोकणी. दोघींमध्ये समान शब्द म्हणायचे तर 'बिस्मिल्ला' आणि 'सलाम', बाकी सगळा खुणांचा कारभार.

हे सगळं मला खुद्द छोटी नानीनं सांगितलं, २०१० च्या ऑगस्टमध्ये. फुटबॉलचा विश्वचषक संपून महिना झाला होता, आणि तिच्या नातवाच्या लग्नाला मला तिकीट पाठवून बोलावलं होतं. त्याआधी आमच्याकडून कुणीच गेलं नव्हतं. आपल्या देशानं १९४६ पासून दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता आणि १९९३ पर्यंत आपल्या पासपोर्टावर तो देश चालत नसे. धोरण योग्यच होतं, यात मला शंका नाही. त्या योग्य धोरणाच्या दोन बाजूंना दोन बहिणी होत्या. माझी नानी १९८९ मध्ये वारली. दोघींची पुन्हा भेट झाली नाही.

पंचाहत्तर वर्षांची ती बाई १९५२ सालची कोकणी बोलत होती. माझ्या आईनं जे शब्द टाकून दिले, ते तिच्याकडं घडी घालून ठेवल्यासारखे होते, फक्त मध्येमध्ये आफ्रिकान्स शब्दांची ठिगळं. लग्नाच्या आदल्या शनिवारी ती म्हणाली, "चल, तुला वोर्स करायला लावते. गावी जाऊन सांग, काय घालते ते."

बुरेवोर्स हे त्याचं पूर्ण नाव. बूर म्हणजे शेतकरी, वोर्स म्हणजे सॉसेज. गोऱ्या शेतकऱ्यांचं सॉसेज. सातशे-आठशे ग्रॅमची एकसलग वळी, आपल्याकडं सुंभाचं वेटोळं ठेवतात तशी. तिथल्या सरकारनं त्याची व्याख्याच बांधून दिली आहे. नव्वद टक्के मांस हवं, चरबी तिसांवर जाता कामा नये, आणि बाहेरचं आतडं सोडून आतड्या-काळजाचा एक तुकडा आत चालत नाही. गोऱ्यांच्या घरी त्यात गाई-बैलाच्या मांसाबरोबर बहुधा डुकराचं मांस आणि चरबी असते. छोटी नानीकडं मोठ्याचं मांस दोन किलो, मेंढीचं अर्धा किलो आणि मेंढीच्या शेपटाची चरबी. मेंढीच्या शेपटाला चरबीचा गोळा असतो हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी तिनं धणे भाजायला घेतले. तेल नाही, कोरडी लोखंडी कढई. रंग बदलला तरी तिनं ते उतरवले नाहीत. बदामी होऊन वास घरभर फिरला तेव्हा कुठं उतरवले. मग खलबत्त्यात कुटले आणि चाळणीनं चाळून टरफलं काढून टाकली. टरफल राहिलं तर दाताखाली भुसा येतो, ती म्हणाली. मीठ किलोला साधारण पंधरा ग्रॅम, त्यात मिरी, लवंग, थोडं जायफळ आणि सिरका. मांस आदल्या रात्री बर्फात ठेवलेलं. हात बधीर व्हावेत इतकं गार हवं, नाहीतर यंत्रात चरबी वितळते आणि सारं लापशीसारखं होतं. टेबलाच्या कडेला स्क्रूनं घट्ट केलेलं, हातानं फिरवायचं बिडाचं यंत्र होतं. ते फिरवायचं काम माझ्याकडं. जाळी मोठ्या भोकांची, कारण खिमा जाडसर पाहिजे. मसाला चोळून मांस तासभर मुरत ठेवलं, मग तिनं त्यातली सुपारीएवढी गोळी तव्यावर भाजून चाखली. कच्चं चाखता येत नाही, आणि एकदा भरल्यावर मीठ घालता येत नाही.

आतडी खाटकाकडून धुतलेली, मिठातली आणली होती. तिनं ती कोमट पाण्यात भिजवली, तोंड नळाला लावून आतून पाणी सोडलं. आतडं फुगलं, लांबलं आणि जिथं भोक होतं तिथून बारीक चिळकांडी उडाली. तेवढा भाग कापून टाकला. मग पितळी नरसाळ्याच्या लांब नळीवर तिनं सगळं आतडं मोज्यासारखं चढवलं आणि अंगठ्यानं मांस ढकलू लागली. यंत्राला भरायची नळी होती, पण तिचा नरसाळ्यावरच भरवसा. एका हातानं ढकलायचं, दुसऱ्या हातानं धरून ठेवायचं. सैल धरलं तर हवा शिरते, घट्ट धरलं तर फाटतं. माझं तीनदा फाटलं. "कविता करतोस ना?" ती म्हणाली. बाकी काही म्हणाली नाही.

ते पितळी नरसाळं तिच्या सासूचं होतं. डिस्ट्रिक्ट सिक्स नावाच्या वस्तीत, हॅनोव्हर स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. नवी सून आली तेव्हा सासू धणे भाजत होती. सुनेला घरातलं काहीच ओळखीचं वाटत नव्हतं, भांडी नाहीत, भाषा नाही, नळाला येणाऱ्या पाण्याची चवसुद्धा नाही. "तो वास आला आणि मी रडायला लागले," छोटी नानी म्हणाली. "सासूला वाटलं, धूर डोळ्यांत गेला. तिनं खिडकी उघडली."

११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारनं ही वस्ती फक्त गोऱ्यांसाठी असल्याचं जाहीर केलं. साठ हजारांहून जास्त माणसं हळूहळू उठवली आणि घरांवर बुलडोझर घातले. भारतीय ठरवलेल्यांना रायलँड्ससारख्या वसाहती नेमून दिल्या. मलाय सासू एका वंशाच्या रकान्यात, कोकणी सासरे दुसऱ्या. एका चुलीवर जेवणाऱ्यांना सरकारी कागदानं असं वेगळं केलं. १९९४ मध्ये त्या वस्तीच्या आठवणींचं संग्रहालय एका जुन्या चर्चमध्ये सुरू झालं. तिथं जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा पसरला आहे, आणि जुने रहिवासी त्यावर आपलं घर कुठं होतं ते लिहितात. छोटी नानी मला तिथं घेऊन गेली, चप्पल काढून नकाशावर उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्यानं दाखवलं, "इथं मोरी. इथं यंत्र."

आता मूळ प्रश्न. हे सॉसेज कुणाचं? नाव शेतकऱ्यांचं, तेही गोऱ्या. १८३० च्या दशकात ते लोक बैलगाड्या जुंपून आत निघाले, तेव्हा सुकवलेलं वोर्स आणि मांसाच्या सुकट पट्ट्या त्यांच्याबरोबर होत्या, हा त्यांच्या अभिमानाचा इतिहास आहे. छोटी नानीचं मत सरळ होतं: धणे आमचे, म्हणजे चव आमची, त्यांचं फक्त नाव. मला इतकं सरळ वाटत नाही. डचांच्या घरी लवंग-जायफळ आधीपासून होतं, मसाल्यांसाठीच तर ते पूर्वेला आले. धणे पहिल्यांदा कुणी टाकले, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. पण केपच्या मोठ्या घरांतल्या चुलींपुढं गुलाम बायका उभ्या होत्या, आणि मालकिणीपेक्षा मसाल्याची जाण त्यांना जास्त होती, हे मान्य करणारे गोरेही झाले. लुई लायपोल्ट हा आफ्रिकान्समधला मोठा कवी. तो डॉक्टरही होता आणि उत्तम स्वयंपाकीही. केपच्या पाकपरंपरेला मलाय हातांनी वळण दिलं असं त्यानं ठामपणे लिहिलं. केपच्या पाककलेवरचं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९७६ मध्ये निघालं. कवीनं स्वयंपाकाविषयी लिहू नये असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही माहिती.

भाषेचंही तसंच झालं. ज्या आफ्रिकान्सला पुढं वंशवादी राजवटीनं आपला झेंडा केलं, त्या भाषेतलं सुरुवातीचं पुष्कळसं लेखन केपच्या मदरशांत, अरबी लिपीत झालं. अबू बक्र एफेंदी या धर्मपंडितानं १८६९ मध्ये लिहिलेलं 'बयानुद्दीन' १८७७ मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं. भाषा आफ्रिकान्स, लिपी अरबी. हे मी वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. तीस-पस्तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितो आणि अजूनही एखाद्या संमेलनात कुणी भला माणूस कौतुकानं विचारतो, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?"

परत आल्यावर मी पणजोबांच्या बाजूनंही थोडं शोधलं. दहाव्या शतकातल्या बगदादमधल्या इब्न सय्यार अल-वर्राक याच्या पाकग्रंथात सॉसेजच्या कृती आहेत. अरबी शब्द 'लकानिक', पुढं 'नकानिक'. तो आला रोमनांच्या 'लुकानिका'वरून, म्हणजे दक्षिण इटलीतल्या लुकानिया प्रांतावरून. तुर्कांचं सुजुक, मगरिबातलं मेरगेझ ही त्याच पंगतीतली. बाराव्या शतकात सीरियात अश-शैजरीनं बाजार-तपासनिसांसाठी, म्हणजे मुहतसिबांसाठी, एक नियमावली लिहिली. तीत सॉसेजवाल्यांवर वेगळं प्रकरण आहे. त्यांची जागा मुहतसिबाच्या बैठकीजवळ असावी म्हणतो, म्हणजे आत काय कोंबतात त्यावर नजर राहील. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या मुसलमान तपासनिसालाही आत काय आहे याचाच संशय होता. फरक इतकाच, की तो जाऊन बघत होता.

छोटी नानी २०१४ मध्ये गेली. मला निरोप देताना तिनं ते पितळी नरसाळं माझ्या बॅगेत टाकलं होतं. तिच्या घरी दुसरं होतं म्हणे. पुढची कित्येक वर्षं ते आमच्या माळ्यावर पडून राहिलं. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आली. बाहेरच्या राज्यातून आलेलं असं मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवला होता, ते कलम मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केलं. तरी कुणाच्या डब्यात, कुणाच्या फ्रिजमध्ये काय आहे याची विचारपूस थांबली असं नाही. नरसाळं खाली काढायला माझा हात धजत नव्हता, हे कबूल करतो. पणजोबांनी जे लेकीला विचारलं नाही, ते आता मला कुणीही विचारू शकत होतं.

गेल्या वर्षीच्या थंडीत शेवटी काढलंच. मांस रेड्याचं, ते कायद्यानं चालतं. ते फार कोरडं, म्हणून बकऱ्याची चरबी चौथा हिस्सा घातली. आतडं बकऱ्याचंच. ज्या घरात वजडी होते तिथं आतडं धुणं शिकवावं लागत नाही. बायकोनं मीठ-लिंबू चोळून ते असं स्वच्छ केलं की छोटी नानी खूश झाली असती. धणे मी भाजले. ढकलणं आणि धरणं मला अजून नीट जमत नाही. दोनदा फाटलं, आणि वळी झाली तीही कुठं जाड, कुठं बारीक. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी मंद तव्यावर, थोडं पाणी घालून शिजवली, मग तांबूस केली. सुरी-काट्यानं टोचायची नाही, टोचली की रस जातो.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पडवीत ते पत्र वाचलं गेलं तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि खांबाला टेकून ऐकत होती. तिच्यापुढं बशी ठेवली. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिनं विचारलं, "यात काय घातलंस?"

मी सगळं सांगितलं, मिठापासून सिरक्यापर्यंत. तिनं लहानसा तुकडा तोडला, सावकाश चावला.

"धणे जरा जास्त भाजलेस," ती म्हणाली, आणि बशी पुन्हा माझ्याकडं सरकवली.